तीनदा बॅलन्सिंग झालं, तरी स्टेअरिंग थरथरतंय

प्रश्न : ब्रेकच्या पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे टाकले. त्या दिवसापासून ताशी ८५ ते १०५ किलोमीटरच्या दरम्यान स्टेअरिंग थरथरतं, ब्रेकला पाय न लावताही. त्यापुढे वेग गेला की बरंचसं थांबतं. चाकांचं बॅलन्सिंग तीनदा झालं, अलाइनमेंट एकदा. आता मेकॅनिक म्हणतात, 'डिस्क वाकली असेल, घासून घेऊ.' घ्यावी का?

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या पत्रातले सगळ्यात कामाचे शब्द आहेत 'ब्रेकला पाय न लावताही'. डिस्कची जाडी कुठे कमी, कुठे जास्त झाली की गाडी ब्रेक दाबल्यावर थरथरते, पेडलही पायाखाली धडधडतं. त्यालाच सगळे 'डिस्क वाकली' म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते; जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे एक-दोन हिस्से फरक असतो, तेवढा पुरतो. लेथवर घासून हा रोग बरा होतो. तुमचा तो नाही. काहीतरी फिरताना एका अंगाला जड आहे, नाहीतर तिरकं बसलंय.

मग तीनदा बॅलन्सिंग केलं त्याचं काय? मशीनवर चाक चढतं तेव्हा डिस्क गाडीलाच असते ना! टायर आणि रिम पास झाले; डिस्क आणि हबला (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो मधला भाग) कुणी विचारलंच नाही.

थोडा हिशेब सांगतो. साध्या मोटारीचं चाक ताशी १०० ला सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेतं. डिस्कच्या कडेला, मध्यापासून १२ सेंटिमीटरवर, २० ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला ते जवळपास दोन किलोच्या जोराने बाहेर ओढतं, आणि दर फेऱ्याला ओढीची दिशा फिरते. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. मग १०५ च्या पुढे थांबतं कसं? ओढ वाढतच असते. पण सस्पेन्शनची स्वतःची एक लय असते, ती ज्या पट्ट्यात जुळते तिथेच हात थरथरतात. मात्र हेही लक्षात घ्या, की तेवढंच वजन रिमच्या कडेला असतं तर जास्त त्रास दिला असता. म्हणून डिस्कवर आळ घेण्याआधी चाकं तपासायची, हा क्रम बरोबरच होता.

आता पुढचं. सरळ, मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाला गाडी क्षणभर न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष सुटलं. मग पुढची चाकं मागे, मागची पुढे टाकून बघा (चारी टायर एकाच मापाचे असतील तरच). थरथर स्टेअरिंग सोडून सीटखाली गेली तर दोष चाकाचा. स्टेअरिंगमध्येच राहिली तर डिस्क नाहीतर हब.

डिस्क उतरवली की हबचा चेहरा आधी बघायला सांगा. माझा संशय तिथेच जास्त आहे. नवी डिस्क बसवताना जुना गंज खरवडायचा राहतो. गंजाचा बारीक पापुद्रा मध्ये अडकला की डिस्क तिरकी बसते आणि तिच्यावर टेकलेलं चाकही हेलकावे खातं. तारेच्या ब्रशने हब लख्ख करा, नट समोरासमोरचे आळीपाळीने, पाना ठरावीक टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) लावून आवळा. मग डायल गेज (फिरताना डिस्क किती डुलते ते मोजणारं घड्याळ) लावा. डिस्कचं डुलणं बऱ्याच गाड्यांत ०.०५ मिलिमीटरच्या आत असावं लागतं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असेल. डुलणं तसंच सोडलं तर पुढे जाडीतही फरक पडतो आणि मग ब्रेक लावल्यावरचा रोगही जडतो.

डुलणं ठीक, तरी थरथर? जुन्या डिस्क टाकून दिल्या नसतील आणि किमान जाडीच्या वर असतील, तर त्या तात्पुरत्या बसवून एक फेरी मारा. थरथर गेली की गुन्हेगार सापडला, नवी डिस्क बदलून मागा. नाहीतर चाक गाडीलाच ठेवून बॅलन्सिंग करणारा शोधा. त्यात चाक, डिस्क, हब सगळं एकदम येतं. फक्त एका बोल्टवर आणि रिमवर रंगाची खूण करून ठेवा. पुढच्या वेळी चाक भलत्या भोकात बसलं की सगळं मुसळ केरात.

प्रश्न : नव्या डिस्कच्या कडेला अर्धचंद्रासारखी खाच आहे. माल सदोष आहे का?

उत्तर : नाही. कारखान्यात डिस्क फिरवून बघतात आणि जड अंगाचं लोखंड तेवढ्यापुरतं कातरतात. तीच ती खाच. काही पोकळ डिस्कमध्ये उलटं करतात, हवेच्या फटीत एक स्टीलची क्लिप खोचतात. मी शिकाऊ होतो तेव्हा असली एक क्लिप कचरा समजून पक्कडीने उपटली होती. संध्याकाळी गाडीवाले परत आले, स्टेअरिंग मारतंय म्हणून. उस्ताद काही बोलले नाहीत. कचऱ्याचा डबा माझ्यासमोर उपडा केला आणि म्हणाले, "शोध."