ताट सरकवण्याआधी

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

पत्र मिळालं. खाण्याच्या विकारातून (ईटिंग डिसऑर्डर) तू बाहेर येतोयस; वजन सावरलंय, डॉक्टरांकडच्या फेऱ्याही कमी झाल्यात. तरी परवा घरी गेलास तेव्हा आईने न विचारता वरणावर तुपाची धार सोडली आणि तू ताट सरकवून उठलास. वर मला विचारतोस, तेव्हा राग आला होता, भीती वाटली होती की नुसती भूक लागली होती, हेच कळत नाही.

उत्तर एका ओळीचं आहे आणि पत्रभर मी तेच घोकणार आहे. बोलायचं ते तोंडाने बोल, ताटाने नको.

आपल्याकडे ताटाने बोलायची सवय जुनीच. रुसलं की जेवायचं नाही, माया दाखवायची तर आग्रह करकरून वाढायचं. बाकीच्यांना ते चालून जातं. तुला चालणार नाही.

आधी पोटाचं बघ. तीन जेवणं, मधलं खाणं दोन-तीनदा, आणि चार तासांपेक्षा मोठा खंड नको. मी याला भावना सांभाळण्याचंच कौशल्य म्हणते. लोक याला निव्वळ आहारतक्ता म्हणतात, म्हणू देत. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांवर, त्यांच्या संमतीने, अर्धपोटी राहण्याचा प्रयोग झाला. जवळपास सहा महिन्यांत ते चिडखोर झाले, माणसं टाळू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. आधी मनाने ठणठणीत असलेली पोरं होती ती! त्यामुळे चार तास उपाशी असताना आईबद्दल, मैत्रिणीबद्दल, कुणाहीबद्दल काही ठरवू नकोस. जेव, अर्धा तास जाऊ दे, मग भांड.

आता भावनेचं नाव. ‘जाड वाटतंय’ ही भावना नव्हे. ते वाटलं की मागचे दोन तास आठव आणि तीन ओळी लिही : काय घडलं, अंगात कुठे जाणवलं, नाव काय. लाज, राग, हेवा, भीती, एकटेपणा, यातलं एक नाव निवड आणि ते शून्य ते दहात किती, तेही लिही. ‘टेन्शन आलं’ लिहिलंस तर मी पान परत पाठवीन. त्या शब्दाखाली काहीही लपतं. तुझ्या तुपाच्या प्रसंगात मला भीतीपेक्षा ‘मला कुणी विचारलंच नाही’ हा राग जास्त दिसतो. चुकत असेन तर खोडून काढ, पण शब्दात.

जेवण टाळायची किंवा खाल्लेलं काढून टाकायची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ओसरते. म्हणून जेवल्यावर तासभर एकटा राहू नकोस, बाथरूमपासून लांब, माणसांत बस. मन शांत करायला बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवा, दमेपर्यंत पळा, असले उपाय सर्रास सांगतात. तू ते परस्पर करायचे नाहीत. थंड पाण्याने हृदयाचे ठोके मंदावतात, आणि या आजारात ते आधीच मंद असू शकतात. पळणं तर तुझ्याबाबतीत आजाराच्याच पथ्यावर पडतं.

आईशी बोलताना वाक्य असं बांध : घडलं ते, वाटलं ते, हवं ते. ‘आई, न विचारता तूप वाढलंस तेव्हा मला राग आला. ताटात काय असेल ते आपण सकाळीच ठरवू. जेवताना ताटाकडे बघू नकोस, दुसरं काहीतरी बोल.’ बस. ‘तू नेहमीच’ने सुरुवात केलीस की ती स्वतःचा बचाव करणार आणि मूळ मुद्दा वरणात बुडणार. वाटाघाटी पानावर बसण्याआधी. बसल्यावर ठरलेलं खायचं.

इथे एक चोरवाट आहे. तुमच्या पिढीला ‘बाउंडरी’ हा शब्द फार आवडतो, आणि आजार तो चटकन उसना घेतो. ‘माझ्या जेवणात पडू नका, ही माझी बाउंडरी.’ खरी कुठली ते ओळखायला सोपं आहे. ती आखल्यावर ताटातलं कमी झालं किंवा लपवाछपवी वाढली, तर ती आजाराने आखलेली. मी कडक आहे असं तुला वाटेल. वाटू दे. याबाबतीत गोड बोललेलं लोकांना आवडतं आणि उपयोगी काडीचं पडत नाही.

गणपतीला घरी जाशील तेव्हा दोन गोष्टी अडतील. नैवेद्य दाखवेपर्यंत दोन वाजतात आणि तुझा चार तासांचा हिशेब कोलमडतो. आदल्या दिवशीच आईला सांग, अकराचं खाणं वेगळं काढून ठेव म्हणून. त्या दिवशी उपास वगैरे काही नाही; देवाचं नाव पुढे करून जेवण टाळणं मला चांगलं ओळखता येतं. दुसरी अडचण मावशीची. ‘आता कसा भरलास रे!’ म्हणतील. त्यांना म्हणायचंय बरा दिसतोस, तुला ऐकू येणार जाड. ‘मावशी, अंगाचं राहू दे, तुमच्या गुडघ्याचं सांगा,’ एवढं म्हण. पुन्हा म्हणाल्या तर बहिणीला विषय बदलायला सांगून ठेवलेलं असू दे. पानावरून उठायचं नाही.

भांडण झालंच तर दुसऱ्या दिवसाच्या आत मिटव. ‘काल ताट सरकवलं, चुकलं’ एवढं पुरे. जास्त खाऊन माफी मागू नकोस, उपाशी राहून प्रायश्चित्तही नको. दोन्ही पुन्हा ताटानेच बोलणं.

चक्कर, छातीत धडधड किंवा पुन्हा उलट्या सुरू झाल्या तर ही वाक्यं बाजूला ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उलट्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडते, तिथे बोलण्याचं कौशल्य कामाचं नाही. जगणं नको वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीबेरात्रीही चालतो.

आईला आज फोन कर, जेवून झाल्यावर. तिला काय म्हणालास ते मला जसंच्या तसं लिहून पाठव, तिचं उत्तरही.