लाँड्रीच्या स्टीम पाइपला लॅगिंग, म्हणजे उष्णता आत राखणारं वेष्टण, नाही. तळघरातली वॉचमनची खोली त्यावरच गरम ठेवली तर चालेल का?

खोली तापेल, त्यात शंका नाही. बॉयलर ३ बार दाबावर असेल तर आतली वाफ १४० अंशांच्या वर असते. दोन इंची उघडा पाइप मीटरला साधारण २५० ते ३०० वॉट उष्णता सोडतो. म्हणजे खोलीतून चार मीटर पाइप जात असेल, तर एक रूम हीटर चालू आहे असंच समजा.

गोम अशी, की हा हीटर बंद करता येत नाही. कोल्हापुरात थंडी ती किती, डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेपुरती. एप्रिलमध्ये त्या खोलीत वॉचमनमामा बसणार कसे? आणि ही ऊब फुकटची नाही. एका किलोवॉटमागे तासाला पावणेदोन किलो वाफेचं पाणी होतं, तेवढं जळण गेलंच. ते पाणी ट्रॅपने (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेने) नीट बाहेर काढलं नाही तर पाइपात धाडधाड हातोडे बसतात. जुना जॉइंट असेल तर तिथूनच वाफ सुटायची. शिवाय झोपेत हात लागला तर कातडी सोलून निघेल.

त्यामुळे पाइपला दोन इंची रॉकवूल (दगडी लोकर) आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा मारून घ्या. ऊब हवीच असेल तर व्हॉल्व्ह आणि ट्रॅप लावून छोटा रेडिएटर जोडून घ्या, पुढे जाळी बसवा. फिटर बॉयलरवाल्यांकडचाच बघा, नळवाला नको.

जुन्या लॅगिंगचे पांढरे तुकडे कुठे चिकटलेले असतील तर खरवडू नका, ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि तोवर बंद तळघरात कोळशाची शेगडी अजिबात पेटवू देऊ नका.