सर्व्हरची डिस्क भरत आलीय, काय उडवू? (प्रश्नोत्तरे)

सगळ्यांचा प्रश्न फिरून तोच, "जागा संपली, काय डिलीट करू?" आधी काय भरलंय ते बघा, मग डिलीटचं बोला.

फोंडा, औषधांचा होलसेल: डिस्क 94 टक्के भरलीय. चतुर्थीपर्यंत ओढता येईल?

ओढू नका. डेटाबेसला नुसता डेटा ठेवायला जागा लागत नाही, मोठा रिपोर्ट काढताना, इंडेक्स (डेटा पटकन सापडावा म्हणूनची सूची) बांधताना तात्पुरत्या फायली बनतात, 94 चे 100 एका दुपारी होऊ शकतात आणि बिलिंग तिथंच अडकतं. त्यात पावसात लाईट गेली आणि परत चालू होताना लॉग (काय काय बदललं त्याची नोंद) लिहायला जागाच नसली तर डेटाबेस उठेलच असं नाही. याच आठवड्यात माणूस बोलवा.

मडगाव: लिनक्सवर 40 जीबीची लॉग फाईल डिलीट केली, जागा तेवढीच दिसते.

चालू सर्व्हिसने ती अजून उघडी धरलीय, सर्व्हिस रीस्टार्ट केली की सुटेल, पण काउंटर बंद झाल्यावर करा.

कळंगुट, हॉटेल: एसक्यूएल सर्व्हरचा डेटा 6 जीबी, लॉग 180 जीबी. रोज फुल बॅकअप घेतो. व्हेंडर नवीन सर्व्हर घ्या म्हणतो.

कोटेशनवर सही करू नका. रिकव्हरी मॉडेल (लॉग कसा जपायचा त्याची सेटिंग) फुल असेल तर नुसत्या फुल बॅकअपने लॉग रिकामा होत नाही, त्याचा वेगळा लॉग बॅकअप घ्यावा लागतो, तो कोणी लावलाच नसेल तर नवीन डिस्कही अशीच भरणार. हे न तपासता मशीन विकायला येणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. मात्र स्वतः लॉग फाईल उडवू नका, डेटाबेस जाणणाऱ्याकडून करून घ्या.

वेर्णे, कारखाना: रेड आहे (एकच डेटा दोन डिस्कवर), मग त्याच सर्व्हरवरचे जुने बॅकअप उडवले तर चालेल ना? आमच्या ओळखीतले सगळे तसंच करतात.

नाही चालणार, आणि ओळखीतल्यांनाही सांगा. रेड म्हणजे बॅकअप नाही. एक डिस्क गेली तर मशीन चालू राहावं एवढंच त्याचं काम, चुकून उडवलेली फाईल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर दोन्हीकडचं लॉक होतं. शिवाय तुमचा बॅकअप त्याच सर्व्हरवर आहे, म्हणजे वीज पडून मशीन जळलं तर डेटा आणि बॅकअप एकदमच जाणार. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक कारखान्याच्या बाहेर. आणि बाहेरची प्रत दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून, मागच्या वर्षीचं एखादं बिल उघडून बघा, नुसतं "बॅकअप सक्सेसफुल" वाचून कोणी खूश होऊ नये. हे झाल्यावरच जुन्याला हात लावा, तोसुद्धा सीएला विचारून, कारण जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून 72 महिने ठेवावे लागतात.

म्हापसा: विंडोजच्या सी ड्राइव्हवरचं विनएसएक्सएस फोल्डर उडवू? यूट्यूबवर सांगितलंय.

अजिबात नाही, त्यात विंडोजचेच भाग असतात. विंडोजचं स्वतःचं डिस्क क्लीनअप वापरा.

पणजी: लिनक्सवर 30 जीबी रिकामी दिसते, तरी "जागा नाही" असा एरर येतो.

आयनोड (प्रत्येक फाईलमागे एक लागणारी नोंद) संपले असतील, डिस्कची जागा दाखवणारी डीएफ कमांड "-आय" लावून (df -i) चालवा. बहुतेक वेळा सेशनच्या नाहीतर कॅशच्या लाखो बारक्या फायली साचलेल्या असतात, त्या कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते शोधा आणि सॉफ्टवेअरवाल्याला विचारूनच काढा.