पोलवर पाच महिने एकाच जागी

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे. शाळेत असताना दोन वर्षे मल्लखांब केला होता, त्या भरवशावर गेल्या वर्षी पोल डान्सच्या वर्गात नाव घातले. पहिल्या आठ महिन्यांत चढणे, पोलवर बसणे, स्पिन (पोलभोवती गिरकी) आणि जमिनीवरून उडी घेऊन इन्व्हर्ट (उलटे होणे), हे सारे भराभर जमले. पण गेले पाच महिने गाडी तिथेच अडली आहे. वर चढून, पाय अधांतरी असताना उलटे होणे काही केल्या जमत नाही. प्रत्येक तासाला पंधरा-वीस वेळा प्रयत्न करते. अलीकडे उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले आहे. माझ्या मागून आलेल्या मुली पुढे गेल्या. वय झाले असे समजून सोडून द्यावे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वयामुळे सोडण्याचे काही कारण मला तरी दिसत नाही. घोडे कुठे पेंड खाते आहे, हे तुमच्या पत्रातच लिहिलेले आहे : ‘जमिनीवरून उडी घेऊन’.

मल्लखांबाने तुम्हाला दोन गोष्टी आयत्या दिल्या, उलटे लटकण्याची भीती नसणे आणि अढी मारलेल्या मांड्यांची पकड. म्हणूनच पहिले आठ महिने इतके सुखाचे गेले. मात्र उडीचा झोक कंबरेला फुकटात वर नेतो, आणि त्यामुळे खांदे, पाठ व पोट यांनी उचलायचा भार त्यांनी आजवर पूर्णपणे उचललेलाच नाही. अधांतरी झोक मिळत नाही, तेव्हा ही उधारी एकदम समोर येते. मागून आलेल्या मुलींकडे मल्लखांबाची शिदोरी नव्हती, म्हणून कदाचित त्यांनी हे काम पहिल्यापासून हळूहळू केले असेल.

तासाला पंधरा-वीस प्रयत्न करणे म्हणजे सराव नव्हे. ती रोजची परीक्षा झाली, आणि तीही दमलेल्या हातांनी दिलेली. त्याऐवजी उलट्या टोकाने सुरुवात करावी. उडी घेऊनच वर जा, पण उतरताना गुडघे छातीशी धरून, मनात पाच अंक मोजत, पाय जमिनीला टेकेपर्यंत सावकाश खाली या. असे तीन-चार वेळा, आठवड्यातून दोन दिवस पुरे. चौथ्या वेळी शरीर धपकन खाली येऊ लागले, तर त्या दिवशी तिथेच थांबावे. मोबाइलवर बाजूने चित्रण करून पाहा. ओढण्याच्या क्षणी खांदे कानांकडे जातात का, कोपर सरळ होऊन पोल काखेपासून दूर सरकतो का, आणि कंबर वर येण्याआधीच डोके मागे टाकले जाते का, एवढ्या तीनच गोष्टी तपासायच्या. यातील तिसरी चूक मी स्वतः वर्षभर केली आणि दोष मात्र पोटाच्या स्नायूंना देत राहिले.

डाव्या बाजूचा तुम्ही उल्लेखही केलेला नाही, यावरून ती बाजू बहुधा उपाशी आहे. तिथे नवशिक्याप्रमाणे सुरुवात करावी लागेल, जिवावर येईल. पण त्यामुळे एकाच खांद्यावर आणि कोपरावर पडणारा बोजा वाटला जातो.

मात्र हे सारे कोपराचे दुखणे शमल्यानंतर. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना महिने लागतात, आणि पोल आवळून धरणाऱ्यांचे कोपर आतल्या बाजूने दुखते ते बहुतेकदा याच तफावतीमुळे. दोन-तीन आठवडे ओढण्याचे प्रकार बंद ठेवून फिजिओथेरपिस्टला दाखवा. करंगळीला मुंग्या येत असतील किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर आजच जा. या काळात जमिनीलगतच्या नृत्याकडे, स्पिनमधून डौलाने बाहेर पडण्याकडे लक्ष देता येईल. उलटे होता येत नाही म्हणून नाचही थांबवावा, असा काही नियम नाही.

प्रश्न : पावसाळ्यात हात इतके घसरतात की मे महिन्यात जमलेलेही जुलैत जमत नाही. ही पीछेहाट समजावी का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : नाही, ही हवेची करामत आहे. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल चोळतात, तर पोलवर कोरडी त्वचा धातूला चिकटणे हाच सगळा आधार असतो, आणि दमट हवेत दोहोंमध्ये ओलाव्याचा थर बसतो. वर्गाच्या दिवशी अंगाला लोशन लावू नये, दर दोन-तीन प्रयत्नांनंतर पोल स्पिरिटने पुसावा, तळहातांना द्रवरूप खडू लावावा. एसीमुळे पोल गार पडला असेल तर तोही घसरतो. हातांनी चोळून आधी तो कोमट करून घ्यावा. उंचावरचे नवे प्रकार मात्र हात कोरडे राहू लागेपर्यंत जाड गादी आणि शिक्षिका जवळ असल्याशिवाय करू नयेत.