पंखा खाली की वर? एसएमपीएसचं तोंड नक्की कुठे हवं

प्रश्न: दादा, दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून पहिल्यांदाच स्वतः पीसी असेंबल केला. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटच्या तळाला बसतो, दुकानातले काका म्हणाले पंखा खाली कर, तसाच लावला. आता मामेभाऊ म्हणतो उलटा लावलायस, गरम हवा वर जाते मग पंखा वरच पाहिजे आणि खालून नुसती धूळ ओढतोय. टेबल छोटं आहे म्हणून कॅबिनेट खाली सतरंजीवर ठेवलंय, बाजूच्याच प्लॉटवर टॉवरचं काम चालू आहे त्यामुळे धूळ तर विचारूच नका. गेम लावला की वीस-पंचवीस मिनिटांत पीसी धाडकन बंद पडतो. कोणाचं बरोबर?
— बारावीचा विद्यार्थी, भांडुप

उत्तर: अरे, काकांनी बरोबर सांगितलं पण त्यांना तुझी सतरंजी दिसली नव्हती, आणि माझा पहिला संशय तिच्यावरच आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की एसएमपीएसचा तो मोठा पंखा गरम हवा बाहेर फेकतो. तसं नाहीये, तो हवा आत ओढतो. १२० मिलीमीटरच्या पंख्यातून हवा आत शिरते, आतल्या कॉइल आणि कपॅसिटरवरून (वीज साठवणारे छोटे भाग) फिरते आणि मागे जिथे पॉवरची वायर लावतोस ना, तिथल्या जाळीतून बाहेर पडते. गेम चालू असताना मागे तळहात धरून बघ, कोमट हवा लागेल. म्हणजे पंखा हे तोंड, आणि तोंड जिथे गार हवा मिळेल तिथे हवं, एवढाच हिशोब आहे. गरम हवा वर जाते हे खरंच आहे पण फिरता पंखा, अगदी हळू फिरणारा असला तरी, त्या वर जाण्यापेक्षा कितीतरी जोरात हवा ढकलतो, त्यामुळे मामेभावाचा मुद्दा तुझ्या केसमध्ये लागू होत नाही.

आता तुझं कॅबिनेट आडवं करून तळ बघ. एसएमपीएसच्या खाली जाळी आहे का, आणि कॅबिनेटला पाय आहेत का. दोन्ही असेल तर पंखा खालीच ठेव, त्याला सरळ खोलीतली हवा मिळते, ग्राफिक कार्डाने तापवलेली नाही. फक्त सतरंजीवर काय होतं, पाय आत रुततात, मधली फट जाते आणि पंखा चालू झाला की कापड जाळीला चिकटतं, म्हणजे नाकावर उशी दाबून पळायला लावल्यासारखं झालं. घरात जेवायचा जुना लाकडी पाट असेल तर कॅबिनेट त्यावर ठेव, खाली निदान एक बोट आडवं जाईल एवढी फट दिसली पाहिजे, आणि तोच गेम परत तासभर खेळून बघ. चांगल्या एसएमपीएसमध्ये फार तापलं की स्वतःहून बंद व्हायची सोय असते, तेच होत असेल तर पाटावर थांबेल. नाही थांबलं तर प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाचं टेम्परेचर बघ, आणि एसएमपीएसचे वॅट तुझ्या कार्डाला पुरतात का तेही बघ.

आणि तळाला जाळी नसून सपाट पत्रा असेल तर मात्र पंखा वर, अजिबात विचार करू नकोस. मी स्वतः ही चूक केलीये. माझ्या पहिल्या कॅबिनेटचा तळ बंद होता, कुठेतरी ऐकलं पंखा खाली, लावला खाली, पंखा आणि पत्रा यांच्यात जेमतेम दोन काड्यापेटीच्या काड्या जातील एवढी जागा. मे महिन्यात एका दुपारी वार्निश जळाल्यासारखा वास आला, काढून बघतो तर लेबलचा कोपरा तपकिरी होऊन गुंडाळला गेलेला. मदरबोर्ड वाचला हे नशीब.

तापमानाचं एवढं का सांगतोय तर हे बघ, समज तुझा पीसी गेममध्ये ३०० वॅट खातोय आणि एसएमपीएसची एफिशियन्सी ८५ टक्के आहे, म्हणजे ओढलेल्या विजेतली ८५ टक्केच पुढे पीसीला मिळते, तर भिंतीतून साधारण ३५३ वॅट ओढले जातात, वरचे ५३ वॅट एसएमपीएसच्या पोटातच उष्णता होतात, जुना ६० चा पिवळा बल्ब त्या बंद डब्यात लावल्यासारखं. खोक्यावरचं ८० प्लसचं रेटिंग, म्हणजे एफिशियन्सीचं सर्टिफिकेट, २३ डिग्रीला टेस्ट केलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३३-३४ ला असते. कपॅसिटरचं ढोबळ गणित असं आहे की दर १० डिग्री वाढली की आयुष्य अर्धं.

धुळीचं म्हणशील तर मामेभाऊ इथे चुकीचा नाही. तळाच्या जाळीला सरकवून काढायचा फिल्टर असतो, बहुतेक मागच्या बाजूने ओढला की निघतो. बाजूला बांधकाम आहे तर दर पंधरा दिवसांनी काढून नळाखाली धू आणि पूर्ण सुकल्याशिवाय परत लावू नकोस. पावसाळ्यात तर आपली दमट हवा आणि सिमेंटची धूळ मिळून जाळीवर लेपच बसतो. एसएमपीएस मात्र कधीच उघडायचा नाही, वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. बाहेरूनच ब्लोअर मार.

प्रश्न: घरून अकाउंटचं काम करते. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर बसतो. नवीन बसवून घेतला तर पंखा खालच्या बाजूला, प्रोसेसरकडे तोंड करून आहे. प्रोसेसरवर गरम हवा तर नाही ना फेकत?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर: नाही ताई, बरोबर बसवलाय. तो प्रोसेसरजवळची गरम हवा ओढून मागून बाहेर टाकतो. तुमची शंका अगदीच चुकीची नाही, १९९५ ला इंटेलने एटीएक्स, म्हणजे मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएसच्या मापांचं स्टँडर्ड, आणलं तेव्हा मूळ कल्पना खरंच उलटी होती, एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडायची. पुढे ती मागे पडली. मात्र सगळा भार एसएमपीएसवर टाकू नका, मागच्या बाजूला पंख्याची जागा रिकामी असेल तर एक १२० चा लावून घ्या. पंख्याच्या कडेला छोटे बाण कोरलेले असतात, एक फिरायच्या दिशेचा आणि एक हवेचा, हवेचा बाण बाहेर हवा. बाण नसतील तर पुढून उदबत्ती धरा, धूर कुठून शिरतो आणि कुठून निघतो ते लगेच कळतं.

प्रश्न: नवीन एसएमपीएसचा पंखा फिरतच नाही. परत करू का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: थांबा, आधी पंधरा-वीस मिनिटं जड गेम लावून बघा. बऱ्याच नवीन मॉडेलमध्ये लोड कमी असताना पंखा मुद्दाम बंद राहतो. अशा एसएमपीएसला गरम हवा वर जाते हा मुद्दा मात्र खरंच लागू होतो, पंखा थांबलेला असताना तोंड वर असेल तर आतली उष्णता आपोआप निघते, म्हणून वर पुरेशी जागा असेल तर वर लावला तरी चालेल. तसा लावलात तर कॅबिनेट उघडताना आधी वायर काढा, हातातून सुटलेला स्क्रू सरळ त्या जाळीतून आत जातो. आणि मागे हायब्रिड किंवा झिरो आरपीएमचं बटण असेल तर एप्रिल-मेमध्ये ते बंद करून टाका, पंखा कायम फिरेल, थोडा आवाज येईल तेवढाच.