वाचकांचे प्रश्न : बारा टक्क्यांची तीन कर्जे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे कर्जाविषयी होती. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी मला तीन लाख रुपये तीन वर्षांच्या मुदतीने हवे आहेत. आमच्या पगारदार सेवकांच्या पतसंस्थेत 12 टक्के दर आहे. पण दोन जामीनदार द्यावे लागतात आणि पाच टक्के रक्कम भागांसाठी कापून घेतात. बँकेतही 12 टक्केच सांगतात. एका वित्तसंस्थेचा प्रतिनिधी घरी येऊन गेला. त्याचाही दर 12 टक्केच आहे, जामीनदार नको, दोन दिवसांत पैसे मिळतील आणि हप्ता 11,333 रुपये येईल, असे तो म्हणतो. दर सारखाच असेल तर जामीनदारांच्या मागे कशाला लागायचे? (शिक्षिका, सातारा)

उत्तर : दर सारखा नाही, आकडा सारखा आहे. आपल्या पत्रातील तिन्ही 12 टक्क्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत आणि आपण हप्त्याचा आकडा लिहून पाठवला हे फार बरे केले, कारण सगळा उलगडा त्या आकड्यातूनच होतो.

घटत्या शिल्लकेवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच, 12 टक्के दराने व्याज धरून तीन लाखांचे छत्तीस हप्ते मांडले, तर एक हप्ता 9,964 रुपयांचा येतो आणि तीन वर्षांत एकूण सुमारे 58,700 रुपये व्याज जाते. प्रतिनिधीने सांगितलेला 11,333 रुपयांचा हप्ता मात्र ‘फ्लॅट’ पद्धतीचा आहे. तीन लाखांवर वर्षाला 36,000 याप्रमाणे तीन वर्षांचे 1,08,000 रुपये व्याज आधीच मुद्दलात मिळवून त्या बेरजेला छत्तीसने भागलेले आहे. दर महिन्याला आपण मुद्दल फेडत जाता, तरी शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज पूर्ण तीन लाखांवरच आकारले जाते. हाच हप्ता घटत्या शिल्लकेच्या भाषेत सांगायचा झाला तर दर सुमारे 21.2 टक्के होतो. तुलनेसाठी आणखी एक आकडा सांगतो : तीन लाख रुपये घटत्या शिल्लकेवर 12 टक्क्यांनी चक्क पाच वर्षांसाठी घेतले, तरी एकूण व्याज सुमारे 1,00,400 रुपयेच होते. म्हणजे या गृहस्थांचे तीन वर्षांचे कर्ज बँकेच्या पाच वर्षांच्या कर्जापेक्षा महाग आहे.

बँकेचा दर घटत्या शिल्लकेवर असला तरी तेथेही एक गोष्ट विचारावी लागेल. समजा, दोन टक्के प्रक्रिया शुल्क, त्यावर 18 टक्के जीएसटी आणि कर्जासोबत 6,000 रुपयांचा विमा असे धरले, तर आपल्या हातात तीन लाख नव्हे, 2,86,920 रुपये पडतात. हप्ता मात्र पूर्ण तीन लाखांवरचाच राहतो. या हिशेबाने खरा दर 15.1 टक्क्यांच्या आसपास जातो. हा खरा दर ग्राहकाला स्वतः काढत बसावे लागू नये म्हणून रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या वैयक्तिक कर्जांसाठी बँका आणि वित्तसंस्थांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचे विवरण देणे बंधनकारक केले आहे. त्यात ‘एपीआर’ या नावाने वार्षिक खर्चाचा दर लिहिलेला असतो आणि प्रक्रिया शुल्क, विम्याचा हप्ता असे संस्थेमार्फत वसूल होणारे खर्च त्यात धरलेले असतात. या विवरणात न लिहिलेले शुल्क पुढे आपल्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. विवरण मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, त्यामुळे ‘आजच सही करा, उद्या दर बदलेल’ या घाईला भीक घालण्याचे कारण नाही. प्रतिनिधीकडे आपण फक्त हा कागद मागावा. तोंडी सांगितलेला 12 आणि कागदावरचा एपीआर शेजारी शेजारी आले की पुढची चर्चा बहुधा आपोआप थांबते.

राहिली पतसंस्था. ती रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली असते, म्हणून असे विवरण तेथे मिळेलच असे नाही. व्याज घटत्या शिल्लकेवर आहे ना, हे आपणच व्यवस्थापकांकडून लेखी घ्यावे. भागांसाठी कापलेले 15,000 रुपये हा खर्च नसून आपलीच गुंतवणूक आहे. ती सभासदत्व संपताना परत मिळते आणि तोवर तिच्यावर लाभांश मिळतो. कायद्याप्रमाणे लाभांशाची कमाल मर्यादा 15 टक्के आहे. मागील तीन वर्षांचा लाभांश वार्षिक अहवालात पाहावा. तो दहा-बारा टक्क्यांच्या घरात असेल तर कपातीचा बोजा जवळजवळ उरत नाही. हातात 2,85,000 रुपये पडतील, हे धरून मागणी थोडी वाढवावी इतकेच. माझ्या मते आपल्यासाठी हेच कर्ज सर्वांत स्वस्त आहे. त्याची किंमत मात्र आपले दोन सहकारी जामीनदार म्हणून मोजणार आहेत, आणि ती किती असू शकते हे पुढच्या पत्रात वाचा.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी कारखान्यातील एका सहकाऱ्याच्या पतसंस्थेतील कर्जाला मी जामीन राहिलो. तो नोकरी सोडून गेला. आता वसुलीची नोटीस मला आली आहे. मी एक रुपयाही वापरलेला नाही. आधी त्याच्याकडून वसूल करा, असे मला म्हणता येईल का? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : दुर्दैवाने नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या, म्हणजे कर्ज घेणाऱ्याच्या, जबाबदारीइतकीच असते, करारात वेगळे काही ठरले असेल तरच ती कमी होते. प्रथम कोणाकडे जायचे हे धनको, म्हणजे कर्ज देणारा, ठरवतो, आणि ज्याचा पगार समोर दिसतो आहे त्याच्याकडे संस्था आधी जाते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. ‘नुसती सही कर, काही होत नाही’ असे म्हणून आपल्याकडे जामिनाची सही मागितली जाते आणि भिडेपोटी ती केलीही जाते. कर्जरोख्यावर मात्र ‘नुसती सही’ असा प्रकार नसतो.

नोटीस महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खालील असावी, असे आपल्या वर्णनावरून दिसते. या कलमाखाली संस्था सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करते, चौकशी होते आणि मग वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा आदेश, दिला जातो. आपला बचाव मांडण्याची खरी जागा ही चौकशी आहे, त्यामुळे तारखेला हजर राहणे टाळू नका. संस्थेकडून कर्जखात्याचा संपूर्ण उतारा मागा. भरलेले हप्ते जमा धरले आहेत का, ऋणकोच्या भागांची व ठेवीची रक्कम वळती केली आहे का, व्याजाचा दर रोख्याप्रमाणेच आहे का, हे तपासा आणि आक्षेप लेखी द्या. दुसरा जामीनदार असेल तर त्यालाही सोबत घ्या, कारण निम्मा भार त्याचा आहे. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण (फेरतपासणीचा) अर्ज करण्यासाठी वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम आधी संस्थेत भरावी लागते, आणि तेथेच बहुतेकांचा लढा संपतो.

पैसे भरावेच लागले तर प्रत्येक पावती जपून ठेवा. करार कायद्याच्या कलम 140 प्रमाणे, सर्व रक्कम फेडणारा जामीनदार धनकोच्या जागी येतो, म्हणजे संस्थेकडे ऋणकोचे काही तारण असेल तर त्यावर आपला हक्क पोहोचतो. आणि कलम 145 प्रमाणे योग्य रीतीने भरलेली रक्कम मूळ ऋणकोकडून परत मागता येते. त्यासाठी दिवाणी दावा करावा लागेल, आणि दाव्यासाठी मुदत असते, म्हणून पैसे भरल्यावर वकिलाकडे जाण्यास वर्षे लावू नका. सहकारी कोठे आहे हे आपल्याला ठाऊक असल्यास आत्ताच त्याला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवून ठेवा. त्यातून पैसे मिळतीलच असे नाही. परंतु आपण गप्प बसला नव्हता याचा पुरावा तयार होतो.

प्रश्न : मोबाइलवरील एका अॅपवरून 15,000 रुपये पंधरा दिवसांसाठी घेतले. खात्यात 11,000 आले. मुदत संपण्याआधीच माझ्या नातेवाइकांना आणि कार्यालयातील लोकांना फोन सुरू झाले. (वाचक, पुणे)

उत्तर : आधी हिशेब पाहू. 11,000 रुपयांवर पंधरा दिवसांत 4,000 रुपये म्हणजे पंधरवड्याला 36 टक्के, आणि सरळ हिशेबाने वर्षाला 880 टक्क्यांहून अधिक. गावच्या सावकाराचे नाव उगाच बदनाम आहे, असे वाटावे इतका हा दर आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, 2014 खाली बिगरशेतकऱ्याला दिलेल्या विनातारण कर्जासाठी परवानाधारक सावकाराला ठरवून दिलेला कमाल दर वर्षाला 18 टक्के आहे.

आता पहिले काम म्हणजे या अॅपमागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था आहे ते शोधणे. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा अॅपची यादी आहे. कर्ज देणाऱ्या संस्थांनी स्वतः कळवलेल्या माहितीवरून ती बनते. संस्था नोंदणीकृत असेल तर तिला फोनमधील संपर्क, छायाचित्रे आणि कॉलची नोंद यांना हात लावण्यास मनाई आहे, वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास मनाई आहे, आणि कर्जाशी संबंध नसलेल्या माणसांना गाठून आपली बदनामी करण्यासही मनाई आहे. अशा संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला शुल्क नाही. मात्र देय रक्कम देयच राहते, हे विसरू नये.

मागे कोणतीच नोंदणीकृत संस्था नसेल तर प्रकरण पोलिसांचे आहे. 1930 या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, धमक्यांचे संदेश व ध्वनिमुद्रण जपा, आणि फोनवरून सांगितलेल्या कोणत्याही अनोळखी यूपीआय खात्यावर पैसे भरू नका. भरले तरी ‘बाकी’ संपत नाही. अॅप काढून टाकण्याआधी कर्जाच्या तपशिलाची छायाचित्रे घ्या. घरच्यांना आणि कार्यालयात आपणच एकदा सरळ सांगून टाकले की धमकीतील अर्धा जीव जातो. लाज वाटेल, पण ती एका दिवसाची आहे.

प्रश्न : वैयक्तिक कर्जाचे 1,40,000 रुपये बाकी आहेत, दर 14 टक्के, वीस हप्ते उरले आहेत. बोनसचे 60,000 रुपये कर्जात भरू की मुदत ठेवीत ठेवू? (वाचक, ठाणे)

उत्तर : कर्जात भरा, पण आधी दोन गोष्टी विचारा. आपला हप्ता 7,889 रुपयांच्या आसपास असणार. तोच हप्ता ठेवून 60,000 भरले तर कर्ज वीसऐवजी अकरा महिन्यांत संपते आणि सुमारे 12,000 रुपये व्याज वाचते. तेवढे करमुक्त उत्पन्न मुदत ठेव देणार नाही. पहिली गोष्ट मुदतपूर्व परतफेडीच्या शुल्काची. व्यवसायासाठी नसलेल्या, बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांवर 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झाल्यास हे शुल्क घेता येत नाही. पण वैयक्तिक कर्जे बहुधा स्थिर दराची असतात, त्यामुळे हा नियम आपल्याला लागू होईलच असे नाही. चार टक्के आणि जीएसटी धरला तरी 2,832 रुपये जातात आणि व्यवहार फायद्याचाच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे, बँकेला हप्ता कमी न करता मुदत कमी करण्यास लेखी सांगा. हातात तीन महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे नसतील तर मात्र बोनसमधून आधी ते बाजूला काढा. नाहीतर पुढच्या आजारपणात पुन्हा याच दराने कर्ज घ्यावे लागेल.

प्रश्न : घरात दागिने असताना वैयक्तिक कर्ज घ्यावे का? दागिने परत मिळताना अडचण येते, असे ऐकले आहे. (गृहिणी, नाशिक)

उत्तर : गरज सहा महिने ते वर्षभराची असेल आणि पैसे कोठून येणार हे ठाऊक असेल, तर सोनेतारण कर्ज साधारणपणे स्वस्त पडते. 1 एप्रिल 2026 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे घरगुती गरजेच्या कर्जात अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या 85 टक्के, पाच लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के इतकी कमाल मर्यादा आहे. मात्र मिळते म्हणून पूर्ण मर्यादेपर्यंत उचलू नये, कारण सोन्याचा भाव उतरला की अडचण ऋणकोची होते. संपूर्ण परतफेडीनंतर दागिने सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यावे लागतात; संस्थेमुळे उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. तारण ठेवताना तपासणी आपल्यासमोर व्हावी, आणि पावतीवर एकूण वजन, खडे व लाख वगळून धरलेले निव्वळ वजन आणि शुद्धता हे तिन्ही आकडे असावेत. घरी आणल्यावर पावतीचे एक छायाचित्र काढून घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरही ठेवा.