न बघता चूक कशी पकडायची?

प्रश्न : क्यूबिटची कॉपी काढता येत नाही आणि बघायला गेलं की आतली अवस्था मोडते म्हणतात, मग क्वांटम कॉम्प्युटरमधल्या चुका सुधारतात तरी कशा? आणि तो सगळी उत्तरं एकदम तपासतो हे खरं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, मोजेपर्यंत तो शून्य आणि एक यांच्या मिश्रणात राहू शकतो. त्याची कॉपी निघत नाही हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय, त्यामुळे तीन झेरॉक्स काढून बहुमत घ्यायचं ही आयडिया इथे बाद. पण गंमत अशी की चूक शोधायला आत काय आहे ते कळावंच लागत नाही. माहिती तीन क्यूबिट्समध्ये मिळून गुंतवायची आणि दोनच गोष्टी विचारायच्या, पहिला-दुसरा सारखे आहेत का आणि दुसरा-तिसरा सारखे आहेत का. 'नाही, हो' आलं तर पहिला उलटलाय, 'हो, नाही' आलं तर तिसरा, दोन्हीला 'नाही' तर घोळ मधल्याचा. शून्य आहे की एक हे कोणी विचारलंच नाही ना, मग मोडेल कसं? विचारतात ते पण बाजूला एक्स्ट्रा क्यूबिट ठेवून, उत्तर त्याच्यावर उतरवतात आणि फक्त तोच मोजतात. (एकच क्यूबिट बिघडलाय असं धरून हं, दोन उलटले की फसलो.)

फेजची चूक (शून्य-एक तेच राहतात, पण त्यांच्या मिश्रणातलं अधिकचं चिन्ह उणे होतं) मात्र यात सापडत नाही, म्हणून गणितज्ञ पीटर शोरनं १९९५ मध्ये तीन-तीनच्या तीन टोळ्या करून ९ क्यूबिट्सचा कोड दिला. आता जाळीसारखे कोड वापरतात. क्यूबिट्स जास्त म्हणजे बिघडायला जागा पण जास्त, तरी गूगलच्या विलो चिपवर २०२४ मध्ये जाळी ३ बाय ३, मग ५ बाय ५, मग ७ बाय ७ केली तशा चुका दर टप्प्याला साधारण निम्म्या होत गेल्या. मला तरी त्या वर्षातली हीच खरी बातमी वाटली, बाकीचा गाजावाजा सोडा.

'सगळी उत्तरं एकदम' हे मात्र जवळजवळ खोटंच. शेवटी मोजलं की हातात एकच उत्तर पडतं, तेही नशिबावर, म्हणून चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील असं गणित आधी जमवावं लागतं आणि ते मोजक्याच प्रश्नांत जमतं. कसलाही क्रम नसलेल्या १० लाख नोंदींत एक शोधायची तर ग्रोव्हरच्या पद्धतीनं (ही क्वांटमची शोधायची पद्धत) ८०० च्या आसपास फेऱ्या लागतातच. टाइमटेबल लावण्यासारखे एनपी-कम्प्लीट प्रश्न (उत्तर तपासायला सोपं, शोधायला महाकठीण) क्वांटमला झटक्यात सुटतील असं या विषयातल्या बहुतेकांना वाटत नाही, सिद्ध मात्र कोणी केलेलं नाही. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं हे मात्र त्याला खरंच जमणारं काम, आणि इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणारी आरएसए पद्धत ते अवघड असण्यावरच उभी आहे. तिची २०४८ बिटांची किल्ली फोडायला २०१९ मध्ये २ कोटी क्यूबिट्सचा अंदाज होता, २०२५ मध्ये तो १० लाखांच्या आत आला, आणि विलोवर आहेत १०५.